गाण्याच्या रांगेत कोण उभे राहील?



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपल्यावर एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले. त्यांच्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. ते म्हणाले, "गुरुजी, देव्हारा काढला त्याचे काही वाटले नाही. पण भजन बंद झाले आणि घर मुके झाले. आमची म्हातारी संध्याकाळी नुसती भिंतीला टेकून बसते. बौद्धाच्या घरात गाणे असते की नाही?"

प्रश्न साधा आहे, पण त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊन चालणार नाही. नव्याने दीक्षा घेतलेल्या पुष्कळ घरांत हा प्रश्न मनात असतो आणि संकोचामुळे तोंडावर येत नाही. म्हणून त्याचे उत्तर आज तुम्हां सर्वांसमोर देत आहे.

प्रथम धम्म काय सांगतो ते पाहू. उपासकाला पंचशील आहे. त्यात गाण्याला मनाई नाही. उपोसथाच्या दिवशी जो अष्टशील ग्रहण करतो, तो त्या दिवसापुरता नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहतो; कारण तो दिवस त्याने चित्ताच्या अभ्यासासाठी राखून ठेवलेला असतो. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन तथागतांपुढे गातो. भगवंत त्याला थांबवीत नाहीत. त्याचे गीत तारेशी आणि तार गीताशी कशी छान मिळाली, याची ते प्रशंसाच करतात. परंतु अंगुत्तरनिकायात तेच तथागत भिक्खूंना बजावतात की लांबलचक ताना घेऊन धम्म गाल तर त्यात पाच दोष आहेत. गाणारा स्वतःच्या आवाजावर भाळतो. ऐकणारे त्या आवाजावर भाळतात. गृहस्थ नावे ठेवतात. समाधी मोडते. आणि मागून येणारे तेच वळण उचलतात.

या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवा. गाणे वाईट नाही. गाण्यात 'मी' शिरला, की ते बिघडते. गाण्यातून 'मी' निघून 'आम्ही' कसे येते, आणि त्या 'आम्ही'मध्ये कोणाकोणाला जागा मिळते, हा खरा धम्माचा प्रश्न आहे. तो समजण्यासाठी मी तुम्हांला एक घडलेली हकीकत सांगतो. ती आपल्या देशातील नाही, पण आपल्याला परकीही नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले, त्यांना अर्पण केले होते. त्याच अमेरिकेतील, त्याच वर्षांतील ही हकीकत आहे.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. तोवर दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहावयास शिकविणे हाच गुन्हा होता. मुक्ती मिळताच या लोकांनी पहिली मागणी केली ती शाळेची. १८६६ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात, लष्कराच्या जुन्या इस्पितळाच्या लाकडी बराकींत, फिस्क नावाची शाळा सुरू झाली. गुलामांच्या बाजारातील गंजलेल्या बेड्या भंगारात विकून त्या पैशांतून मुलांसाठी अंकलिपीची पुस्तके घेतली, अशी त्या शाळेच्या इतिहासात नोंद आहे. बंधूंनो, बेडी विकून पुस्तक! 'शिका' या बाबासाहेबांच्या आदेशाचा अर्थ याहून स्पष्ट कोणी सांगू शकेल काय?

परंतु पाच वर्षांत शाळा बंद पडण्याची वेळ आली. बराकी कुजल्या, कर्ज झाले. शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट मुलांना संगीतही शिकवीत. त्यांनी नऊ विद्यार्थी निवडले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी हा लहानसा गायकवृंद उत्तरेकडे निघाला. गावोगाव गाऊन शाळेसाठी पैसे मिळवावयाचे, एवढाच हेतू. त्यांतील बहुतेक जण गुलामीत जन्मलेले होते. वीस वर्षांची एला शेपर्ड पियानो वाजवी आणि वृंदाला सांभाळी. तिच्या बापाने तिला पैसे मोजून गुलामीतून सोडविले होते. स्वतःच्या लेकीला विकत घेणारा बाप! हे वाचून ज्याचे मन हलणार नाही त्याला काय म्हणावे?

वाटेत हॉटेलवाल्यांनी त्यांना खोल्या नाकारल्या. अंगावर थंडीचे पुरेसे कपडे नव्हते. आपल्या वडीलधाऱ्यांना धर्मशाळेच्या दारातून परत फिरावे लागे, ते आठवा म्हणजे हा प्रवास तुम्हांला दिसेल. आणि तरीही या मुलांनी काय केले पाहा. त्याच दिवसांत शिकागो शहर आगीत जळाले होते. सिनसिनाटी शहरातील कार्यक्रमातून जे पन्नासएक डॉलर मिळाले, ते त्यांनी जळीतग्रस्तांना देऊन टाकले. स्वतः उपाशी, अनवाणी. आणि दान दुसऱ्याला! दानपारमिता ही ग्रंथात राहणारी गोष्ट नाही, ती अशी रस्त्यावर दिसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सुरुवातीला हा वृंद कोणती गाणी गात असे? गोऱ्या लोकांच्या सभांत जी प्रतिष्ठित गणली जात, ती. आपल्या आईबापांनी कापसाच्या मळ्यांत, चाबकाखाली, रात्रीच्या अंधारात रचलेली गाणी ते लोकांसमोर गात नसत. एला शेपर्ड यांनी पुढे याचे कारण लिहून ठेवले आहे. ती गाणी गुलामीशी आणि काळोख्या भूतकाळाशी जोडलेली होती. विसरून जावे असे जे होते, त्याची ती आठवण होती. शिवाय आईबापांना ती पवित्र होती. चारचौघांत मांडायची नव्हती. अखेर व्हाइट यांच्या आग्रहाने, लाजत लाजत, त्यांनी त्यातील काही गाणी गावयास घेतली. नोव्हेंबर १८७१ मध्ये ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे ख्रिस्ती धर्मोपदेशकांची परिषद भरली होती. तेथे त्यांनी मळ्यातील एक गाणे अगदी हलक्या आवाजात सुरू केले आणि बोलत बसलेली सभा गप्प झाली.

तेथून वारा फिरला. वृंदाला 'ज्युबिली सिंगर्स' हे नाव मिळाले. ज्यूंच्या जुन्या ग्रंथात पन्नासावे वर्ष हे दासांच्या सुटकेचे वर्ष मानले आहे, त्यावरून हे नाव. पहिल्याच दौऱ्यात वीस हजार डॉलर जमले. १८७३ साली इंग्लंडच्या राणीने त्यांचे गाणे ऐकले. सात वर्षांत सुमारे दीड लाख डॉलर जमले आणि १८७६ साली फिस्कमध्ये 'ज्युबिली हॉल' ही भक्कम इमारत उभी राहिली. नंतरच्या काळात फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखाली ज्युबिली गायकांचा एक जथा १८८४ ते १८९० या वर्षांत जगभर फिरला, आणि त्या फेरीत तो हिंदुस्थानातही येऊन गेला.

याच फिस्कमध्ये १८८५ ते १८८८ या काळात विल्यम ड्यूबॉइस हा तरुण शिकला. काळ्या लोकांचा तो थोर विद्वान पुढारी झाला. १९०३ सालच्या आपल्या विख्यात ग्रंथात त्याने प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्या मळ्यातील गीतांची स्वरलिपी छापली. आणि १९४६ साली आपले बाबासाहेब याच ड्यूबॉइस यांना पत्र लिहितात. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या प्रश्नाचा मी अभ्यास केला आहे, त्यांची स्थिती आणि अस्पृश्यांची स्थिती यांत मोठे साम्य आहे, असे कळवून संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या त्यांच्या अर्जाची प्रत ते मागवितात. ड्यूबॉइस यांनी त्यांना सहानुभूतीचे उत्तरही पाठविले. तेव्हा ही गाणी आपल्याला परकी नाहीत असे मी म्हटले ते उगीच नव्हे.

येथे कोणी विचारील, "त्या गाण्यांत तर ईश्वर आहे, आणि आम्ही तर ईश्वर सोडला." बरोबर आहे. त्यांचा ईश्वर आपण घ्यावयाचा नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने त्याबाबत डळमळू नये. परंतु त्या गाण्यांतील दुःख खरे आहे, आणि दुःखातून सुटण्याची आस खरी आहे. दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य. ते ज्याने गायिले त्याच्याकडे बौद्धाने कान द्यावा.

आता माझी एक चूक तुमच्यासमोर कबूल करतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. कॉलेजात असताना मी सुट्टीला घरी आलो की आजी दगडी जात्यावर हळद किंवा डाळ दळत असे. दळताना ओव्या गाई. त्या ओव्यांत पंढरी होती, माहेर होते, दुष्काळ होता, सावकार होता. आणि बाबासाहेबही होते. विठ्ठलाला जे घालायचे तेच शब्द तिने भीमरावांना घातले होते. मी नुकतीच पुस्तके वाचलेली. मी तिला म्हणालो, "आजी, ही गुलामीची गाणी आहेत. बौद्धाच्या घरात ही शोभत नाहीत." ती काही बोलली नाही. जात्याचा खुंटा धरून तशीच दळत राहिली, मुकाट. त्या दिवसापासून माझ्यासमोर तिने ओवी म्हटली नाही. पुढे ती गेली. आज तिची एकही ओवी मला पुरी येत नाही.

मी तिला विचारावयास हवे होते: आजी, विठ्ठलाच्या जागी भीमराव तू कधी आणलेस? अक्षर न येणाऱ्या त्या बाईने आपल्या मनाने धर्मांतर केले होते, जात्यापाशी बसून. मी पदवीधर, आणि मला ते दिसले नाही. एला शेपर्डला जी लाज वाटली होती, तीच मला वाटली. फरक इतकाच की तिने वेळेवर लाज सोडली. मला उशीर झाला.

थेरगाथा आणि थेरीगाथा म्हणजे तरी काय आहे? पूर्वीचे दुःख आणि नंतरची मुक्ती यांच्या गाथा. थेरीगाथेतील ७३ काव्यांत पुण्णिका नावाच्या पाणक्या दासीची गाथा आहे. ती थंडीत नदीवर पाणी भरणारी दासी. आणि नदीत बुडून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला ती उलट प्रश्न करते. झाडलोट करणारा सुनीत आपला पूर्वीचा धंदा आपल्या गाथेत लपवीत नाही. त्यांनी भूतकाळ पुसला नाही. त्याच्यावर उभे राहून त्या गायिल्या. संघाने त्या गाथा जपल्या, म्हणून अडीच हजार वर्षांनी त्या आपल्या हाती आल्या.

आता 'मी' आणि 'आम्ही' यांची गोष्ट. 'वुई शॅल ओव्हरकम' हे इंग्रजी गीत तुम्ही ऐकले असेल. गिरिजाकुमार माथुर यांनी केलेले त्याचे हिंदी रूप आपली मुले शाळेत गातात. मीही ते शिकवितो. त्याचे मूळ काळ्या लोकांच्या चर्चमधील भजनात आहे, आणि त्या भजनात 'मी' होता: मी तरून जाईन. ऑक्टोबर १९४५ मध्ये साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात तंबाखूच्या कारखान्यातील कामगारांनी संप केला. त्यांत काळ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. हिवाळ्याच्या पावसात पहारा देताना त्या हे गाणे म्हणत, आणि तेथे 'मी'चा 'आम्ही' झाला. ल्युसिल सिमन्स नावाची कामगार बाई दिवसअखेर ते संथ लयीत म्हणून सर्वांना निरोप देई. त्या संपकऱ्यांकडून ते टेनेसीतील हायलँडर या कामगारशाळेत गेले. काळे-गोरे एकत्र शिकणे त्या राज्याच्या कायद्याला मंजूर नव्हते. ही शाळा मात्र त्यांना एकत्र बसवी, एकत्र जेववी आणि एकत्र गाववी. १९६० साली तेथून ते समान हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आले आणि जगभर गेले.

दक्षिण आफ्रिकेतील एनॉक सोंटोंगा हा तर माझ्यासारखाच एक साधा शिक्षक. जोहान्सबर्गजवळच्या मिशन शाळेत त्याने १८९७ साली मुलांच्या वृंदासाठी आफ्रिकेसाठी आशीर्वाद मागणारे एक गीत रचले. १९०५ मध्ये तो तरुणपणीच वारला. पण १९१२ साली काळ्या जनतेच्या काँग्रेसच्या स्थापनेच्या सभेत ते गायिले गेले, आणि वर्णभेदाच्या राजवटीत ते लोकांचे गीत झाले. १९९७ पासून ते त्या देशाच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. त्या राष्ट्रगीतात पाच भाषा आहेत, आणि पूर्वीच्या गोऱ्या राजवटीच्या गीताचा तुकडाही आहे. ज्यांनी दडपले, त्यांनाही गाण्याच्या रांगेत उभे केले. ही सोपी गोष्ट नव्हे.

आणि आपण? आपल्याकडे गाण्याची परंपरा काय कमी आहे? भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. वामनदादा कर्डक झोळी घेऊन आयुष्यभर फिरले. मातंग समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांचे बाबासाहेबांवरील गीत जयंतीला घराघरांत वाजते. गीत वाजते, पण ज्या समाजात ते जन्मले, त्या समाजाचा मुलगा आपल्या गायनाच्या रांगेत उभा राहिला तर?

हे मी कल्पनेने विचारीत नाही. आमच्या विहारात दर रविवारी मुलांना वंदना आणि समूहगीते शिकवितो. शेजारच्या वस्तीतील मातंगाचा एक मुलगा येऊ लागला. गळा गोड होता. एका रविवारी एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "त्यांच्या घरात अजून दीक्षा झालेली नाही. त्याला ऐकू द्या, पण रांगेत नको." मुलगा निमूट उठला आणि दाराशी, चपलांजवळ जाऊन बसला. मी गप्प राहिलो. कोणाला दुखवावयाचे नाही, असे मनाशी म्हणालो. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्याही पुढच्या रविवारी नाही. मग मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, दारात बसायला आमचं जुनं देऊळ होतंच की. त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?"

भगिनींनो आणि बंधूंनो, त्या बाईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्याकडे आहे काय? शाक्य राजपुत्र आणि उपाली न्हावी एकाच वेळी प्रव्रज्या घेण्यास आले, तेव्हा उपालीला प्रथम प्रव्रज्या देण्यात आली. राजपुत्रांनी त्याला वंदन करावे आणि त्यांचा अभिमान गळावा म्हणून. आपण सर्व माणसे समान मानतो, आपण समता स्थापन करू, ही प्रतिज्ञा आपण हात वर करून घेतली आहे. ती घेताना 'दीक्षा घेतलेलीच माणसे' असे कोणी म्हटले नव्हते. मी त्या मातेची माफी मागितली. पुढच्या पौर्णिमेला मुलगा आला, आईही आली. मी त्याला पहिल्या रांगेत उभे केले. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचा चेहरा त्या दिवशी उतरला होता. तो अजून पुरता उजळलेला नाही. पण ते येतात आणि गातात. एकत्र गाता गाता माणूस बदलतो, यावर माझा विश्वास आहे.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझे सांगणे थोडक्यात असे. आठवड्यातून एकदा वंदनेनंतर अर्धा तास सर्वांनी मिळून गा. त्या वेळी माईक बंद ठेवा; माईक आला की एकाचा आवाज मोठा होतो आणि बाकीचे श्रोते होतात. त्रिशरण-पंचशीलाचा मराठी अर्थ आधी समजावून घ्या, मग म्हणा. पेटी आणि ढोलकी मुलींच्याही हाती द्या. गाण्याचा मुकाबला लावून शेजारच्या मंडळाला खाली पाडण्यात भूषण मानू नका. घरातील वृद्ध स्त्रियांना जे येते ते वहीत उतरवून घ्या. त्यात देवाचे नाव आले तरी उतरवा. वहीत लिहून ठेवणे म्हणजे पूजा नव्हे. तो आपल्या माणसांचा इतिहास आहे. आणि दाराशी कोण बसले आहे, ते गाणे सुरू करण्याआधी एकदा मान वळवून पाहा.

त्या गृहस्थांनाही मी हेच सांगितले. "बौद्धाच्या घरात गाणे असते. आज घरी जा, एक कोरी वही घ्या आणि म्हातारीच्या शेजारी बसा. ती काय म्हणते ते आधी ऐका. शिकवायला पुष्कळ वेळ आहे. ऐकायला मात्र थोडाच उरला आहे."

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!